आत्याचा बिनतेलाचा वर्ग

१२ जानेवारी

ताई,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायला लागलो की आत्या बाजूला येऊन भाजी निवडत बसते, आणि मोबाईलवर काही लिहावं तर माझ्या लॉकचा पॅटर्न तिला पाठ आहे. मी बसतो कुरिअरच्या काउंटरवर, दिवसभर लोकांची पाकिटं हाताखालून जातात. त्यात आपलं एक गेलं तर कोणाच्या बापाचं काय जातं. उत्तर दुकानाच्या पत्त्यावरच पाठव, घरी नको.

तर बातमी अशी की तुझ्या आईने शाळा काढलीय. स्वयंपाकाची. फळा नाही, घंटा नाही, फी नाही. दर शनिवारी सकाळी मैत्रिणी आपापली सुरी आणि भाजी घेऊन आपल्या स्वयंपाकघरात येणार, आणि तुझी आई त्यांना तब्येतीला चांगलं काय ते शिकवणार. तेल जवळपास नाहीच, साखर हद्दपार, तळणं म्हणजे गुन्हा. परवा मला समोर बसवून म्हणाली, "आम्ही सगळ्याजणी गोळ्या खाऊन जगतोय रे भुंग्या. त्यापेक्षा नीट जेवून जगू." मी म्हटलं, "आत्या, तुमचं जेवण बघून गोळ्या बऱ्या वाटतील." तिने हातातलं गाजर फेकून मारलं. नेम अजून चांगला आहे.

विद्यार्थिनी कोण तर शेजारची शिंपीणकाकू, लायब्ररीतून रिटायर झालेली ती चष्मेवाली, जिला आपण लहानपणापासून लायब्ररीवाली म्हणतो, आणि कोपऱ्यावरची योगावाली, जी चालताना पण श्वास मोजत असते. टेबल मधे ओढून ठेवलंय. ओट्याच्या वर भिंतीला कागद चिकटवलाय, त्यावर आत्याच्या अक्षरात एकच नियम: शिजेपर्यंत कोणी चाखायचं नाही. मीठ म्हणे जिभेने नाही, डोळ्याने कळलं पाहिजे.

बाबांनी मला हिच्याकडे ठेवलं ते सुधारायला, पण माझ्या अंगातला किडा काही मरत नाही. गेल्या आठवड्यात तिच्या चहात साखरेऐवजी चांगलं चमचाभर मीठ घातलं आणि दाराआड उभा राहिलो. ताई, तिने अख्खा कप प्यायला. कप धुतला, पालथा घातला, आणि मला म्हणाली, "आज चहा बरा केलास." आयुष्यातली माझी पहिली फुकट गेलेली खोडी. अजून अपमान वाटतोय.

पहिल्या वर्गाला काही गंमत करू का? परवानगी मागत नाहीये, नुसती कल्पना देतोय.

भुंग्या


२० जानेवारी

भुंग्या,

चहाचं वाचून आई डोळ्यांपुढे उभी राहिली. तुला हसायचं सुख मिळू नये म्हणून ती मीठच काय, फिनेलही प्याली असती. मी तिच्या हाताखाली मोठी झालेय, मला विचार.

आता गंमत बाजूला. छोट्याला सांभाळणारी बाई सोडून गेली. मी पार्लर उघडते तेव्हा तो झोपेत असतो, त्याला तसाच उचलून नेते आणि मागच्या खोलीत टॉवेलांच्या ढिगावर ठेवते. केसांच्या रंगाच्या वासात माझं मूल झोपतं. यांची ड्युटी फिरती, त्यांचा काही उपयोग नाही. आईला किती वेळा म्हटलं, इकडे ये. दर वेळी उत्तर ठरलेलं, "मला इथे काम आहे." काय काम, ते आता तुझ्या पत्रातून कळलं. बिनतेलाची भाजी.

तिला मी वाईट ठेवणार आहे का? नातवाजवळ राहील, स्वतःचं स्वयंपाकघर असल्यासारखं वापरेल. पण तिला तिथे चार बायकांसमोर मिरवायचंय.

एरवी तुझा किडा मला नको असतो, हे तुला माहीत आहे. पण हा वर्ग जर चाललाच नाही, तर ती येईल. आणि ती आली तर ते घर बंद ठेवण्यात अर्थ नाही. वरच्या खोलीत अंग चोरून राहतोस, मग खाली पाय पसरून राहा. कोणी तरी घरात दिवा लावणारं हवंच.

काय करायचं ते तुला मी सांगायला नको. फक्त कोणाच्या पोटाला काही होता कामा नये.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

आधीच सांगतो, मी काही केलं नाही. ऐक का ते.

पहिल्या वर्गाच्या आधी आत्याने मला खाली बोलावलं. ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "चहात मीठ घातलं होतंस ना?" मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "मिठाचा डबा उलटा ठेवलास, झाकणाची कडी भिंतीकडे." मग दार लोटून घेऊन काय काय बोलली ते असो, शेवटी म्हणाली, "शिक्षा म्हणून दर शनिवारी माझ्या वर्गात उभं राहायचं. चाखणारा तू."

तिला डॉक्टरने मीठ बंद केलंय, असं तिने मैत्रिणींना सांगितलंय. म्हणून ती स्वतः तोंडाला काही लावत नाही. पण चारचौघींत भाच्याला विचारत बसलं तर बाईंची शान जाते, म्हणून आमच्या खुणा ठरल्या. मी कानाला हात लावला की मीठ कमी. नाक खाजवलं की लिंबू पिळायचं. हाताची घडी घातली की झालं, गॅस बंद. मी कढईजवळून काहीतरी उचलायच्या निमित्ताने जातो, बोट बुडवतो, चाटतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. पोलिसांना टीप देणारा माणूस असतो तसं वाटतं.

आता वर्ग. भोपळ्याचं सूप, भाजलेलं बीट आणि कसलं तरी पालेभाज्यांचं सॅलड. मी मनातून ठरवलं होतं की पहिल्याच घासाला बायकांना पळवायचं. पण आत्या उभी राहिली आणि बोलायला लागली, तर ताई, मी ऐकतच बसलो. भोपळा कापताना म्हणाली, "सुरी आपटू नका, झोके द्या." शिंपीणकाकू म्हणाली, "अगं, कात्री चालवतेय तशीच की." आत्या म्हणाली, "मग चालव. तुला जमतंय ते मी शिकवायचं कशाला?" शिंपीणकाकू लाजली. बीट कधी झालं ते आत्याने ट्रे हलवून नुसत्या आवाजावरून सांगितलं. लायब्ररीवाली चष्मा वर करून विचारते, "पण पुस्तकात किती मिनिटं म्हणतात?" आत्या म्हणाली, "पुस्तकाला भूक लागते का?"

मी खरं तेच चाखलं. सूप अळणी होतं, कानाला हात लावला. बोलता बोलता तिने चिमूटभर मीठ टाकलं, जशी काही तिचीच कल्पना. मग लिंबू. मग मी हाताची घडी घातली. बायकांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. योगावाली श्वास मोजायची विसरली. जाताना तिघी दारात उभ्या राहून पुढच्या वेळी कोणी काय आणायचं यावर भांडत होत्या.

सगळ्या गेल्यावर आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरी जीभ आहे रे तुझी. वाया घालवत होतास." मी जाऊन बेसिनमधली भांडी घासली. मी. भांडी.

पुढचं बघू म्हणतो.

भुंग्या


१३ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं पत्र गिऱ्हाईकाच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता तेव्हा वाचलं. वाचता वाचता वेळ गेला आणि रंग जास्त चढला. बाई रडली. छोटा मागच्या खोलीत रडत होता तो वेगळाच.

तू भांडी घासलीस हे वाचून आनंद झाला. आता मला एवढं सांग, तू कोणाच्या बाजूचा? आई एक शब्द गोड बोलली तर तू विरघळलास. तिला ते जमतं. मलाही असंच वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलंय.

नीट ऐक. भांडण नको, नासधूस नको. आई चिडली तर हट्टाने आणखी वर्ग घेईल. तिला राग पचतो. हसू पचत नाही. एकदा तिच्या मैत्रिणी तिच्या तोंडावर हसल्या ना, की त्या घराच्या दारात पुन्हा उभं राहायला तिला लाज वाटेल. मग ती स्वतः बॅग भरेल.

खालच्या खोलीत तुझं काय काय मावेल ते मोजून ठेव.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं काम झालं. कसं झालं ते सगळं लिहितो, कारण एवढी चांगली जमलेली खोडी मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

या वेळी टोमॅटो आणि मसुराचं घट्ट सूप होतं. नेहमीच्या तिघी होत्याच, शिवाय योगावालीने आपल्या दोन शिष्या आणल्या होत्या, आत्याची कीर्ती ऐकून आलेल्या. आत्याने केस धुतले होते. नवा ॲप्रन, शिंपीणकाकूने शिवून दिलेला, खिशावर छोटंसं गाजर. त्या नव्या बायका वहीत लिहून घेत होत्या आणि आत्या मुद्दाम सावकाश बोलत होती, त्यांना लिहायला वेळ मिळावा म्हणून.

मी गेलो, बोट बुडवलं, चाटलं. सूप झकास होतं. मीठ नेमकं. मी भिंतीला टेकलो आणि कानाला हात लावला.

तिने मीठ टाकलं. मी परत जाऊन चाटलं, परत कानाला हात. तिने जरा थांबून माझ्याकडे बघितलं. मी एकदम गंभीर चेहरा करून कान पार चोळला, जशी काही गोम शिरलीय. तिने परत टाकलं. असं मी करत राहिलो आणि ती टाकत राहिली. बोलणं एकीकडे चालूच, "मसुराला मीठ जरा जास्त लागतं बरं का, तो पिऊन टाकतो," आणि नवीन बायका ते पण लिहून घेतायत. शेवटी मी हाताची घडी घातली.

वाट्या भरल्या. शिंपीणकाकूने पहिला घोट घेतला आणि परत वाटीतच सोडला. योगावालीच्या डोळ्यात पाणी. नव्या बायका एकमेकींकडे बघतायत, शिकायला आलोय तर गिळायचं की काय. लायब्ररीवाली म्हणाली, "अगं, हे काय झालंय?" आत्या म्हणाली, "काय झालंय?" "तू एकदा चाखून तर बघ." "मला मीठ बंद आहे ना." "चमचाभराने मरत नाहीस."

ताई, सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने चमचा भरला, तोंडात घातला. तोंड बंद. आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या सगळ्यांच्या डोक्यावरून, सरळ. कोणाला कळलं नाही, मला कळलं. मला विचारत होती.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत होतं. हात आपोआप वर गेला. कानाला.

तिने सूप गिळलं आणि हसून म्हणाली, "हो गं, खरंच. अळणी झालंय." आणि मिठाचा डबा उघडून तिने मूठभर मीठ पातेल्यात टाकलं.

आधी योगावालीची एक शिष्या फिसकन हसली, मग दुसरी. मग योगावाली. शिंपीणकाकू पण हसली, पोट धरून. आत्या पण हसायला लागली, सगळ्या हसतायत म्हणून, कशाला ते न कळता. लायब्ररीवाली तेवढी हसली नाही. ती आत्याचा हात धरून म्हणाली, "तू बस जरा." मग एकेकीचं हसू विझलं, आणि ते त्याहून वाईट. नव्या बायकांनी वह्या मिटल्या. कोणाला दूध घ्यायचं होतं, कोणाला कोणाचा फोन येणार होता. सुऱ्या तशाच टेबलावर राहिल्या.

आत्याने सूप बेसिनमध्ये ओतलं आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मला एकच विचारलं, "किती खारट होतं?" मी म्हटलं, "फार नाही."

ती असं का म्हणाली, अळणी म्हणून, ते मला विचारू नकोस. कोणाला तरी शब्द दिलाय. शब्द पाळायचा असतो.

पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. ती टेबल मधे ओढून बसली होती.

भुंग्या


२१ मार्च

भुंग्या,

आईला घेऊन आले. तू दुकानात होतास तेव्हाच निघालो, तिला तसंच हवं होतं. तिने फार वाद घातला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. नुसतं म्हणाली, "सुऱ्या ज्याच्या त्याला परत कर म्हणावं भुंग्याला."

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ही थट्टेची गोष्ट नाही. खारट सूप पिऊन माणूस अळणी म्हणतं आणि वर मीठ टाकतं, याचा अर्थ डोकं जागेवर नाही. यांच्या काकूंचं असंच सुरू झालं होतं. मग मलाही एकेक आठवायला लागलं. चहा. ते मीठ घातलेला चहा बरा झाला म्हणणं. मी त्याला हट्ट समजले. आणि इथे आल्यावर परवा छोट्याचं दूध करपलं, सगळ्या घरात धूर, आणि आई ओट्याशी उभी, शांत. खिडकीतून बाहेर बघत.

त्यामुळे छोट्याला तिच्याकडे एकटं ठेवता येत नाही. एक मुलगी लावलीय, ती दोघांवर लक्ष ठेवते. गॅसचं बटण हे जाताना काढून ठेवतात. आईला मी स्वयंपाकघरात येऊ देत नाही, बाहेर बसायला सांगते. तिला वाईट वाटतं, पण करणार काय.

कोणाला शब्द दिलास नि कशाचा, तुझी नाटकं तुझ्यापाशी. घर नीट ठेव. झाडांना पाणी घाल.

ताई


२ एप्रिल

ताई,

झाडांना पाणी घातलं. खाली उतरलोय. आत्याच्या पलंगावर झोपत नाही, सतरंजी टाकतो, पण पंखा इकडचा जास्त गार आहे. दुकानातली पोरं शनिवारी येतात. टेबलावर पत्ते छान बसतात.

सुऱ्या परत केल्या. शिंपीणकाकूने दारातूनच घेतली. वर्ग आता योगावालीकडे असतो म्हणे, आत्याचंच सगळं करतात, बिनतेलाचं, पण चाखून. लायब्ररीवाली मात्र मला आत बोलावून बसवून विचारायला लागली, "तिला नक्की काय झालंय रे? मला पत्ता दे, मी तिला पत्र लिहिते." मी नुसतं बोट डोक्याच्या बाजूला नेलं आणि फिरवलं. तिने पत्ता परत मागितला नाही.

ते दूध करपलं म्हणतेस, तर तेवढ्यावरून काही ठरवू नये असं मला वाटतं. पण मी काय डॉक्टर थोडाच.

आत्या काय म्हणते? माझं काही विचारते का?

भुंग्या


१८ एप्रिल

भुंग्या,

तुझ्या दुकानाचा पत्ता तुझ्या ताईच्या पाकिटावरून घेतला. हे पत्र ती मुलगी टाकणार आहे, तिला मी पालक कसा धुवायचा ते शिकवलं, त्याच्या बदल्यात.

तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मला तुझा राग आहे. तो जाणार नाही, आणि मी घालवणारही नाही. तू कानाला हात लावत होतास तेव्हा मला शंका आली होती. पातेल्यात मी किती मीठ टाकलं ते माझ्या हाताला कळत होतं. हात सांगत होता पुरे, तू सांगत होतास अजून. मी हाताचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. माझी चूक तेवढी.

गेल्या वर्षीच्या तापानंतर माझी चव गेली, वासही गेला. हे तुला एकट्याला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण वास येत नाही म्हटलं की तुझी ताई म्हणणार, आई, गॅस पेटता राहील, घर बंद कर. माझी बुद्धी तेव्हा एवढीच चालली. आता तिला वाटतंय बुद्धीच गेली. माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलतात. कालचा वार कुठला ते विचारतात. मला माहीत असलं तरी उत्तर द्यायची इच्छा होत नाही, मग तोंडाकडे बघतात.

शेवटी मी ताईला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. मग दोघांनी माझ्यासमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत साखरेचं पाणी, दुसरीत मिठाचं. खारट कुठलं ते चाखून सांगा. मी दोन्ही चाखलं, दोन्ही नुसतं पाणी. पण एका वाटीच्या काठाला कोरडा पांढरा कण चिकटला होता, तो साखरेचा नव्हे हे मला लांबून कळलं. जन्मभर मी डोळ्याने स्वयंपाक केलाय. समोर जावई उभा, मला वेड्यात काढायला टपलेला. त्याच्यासमोर चुकायचं कसं? मी बोट दाखवलं. बरोबर निघालं. माझ्या तोंडून शब्द गेल्यावर मला उमगलं की तिथे चुकायला हवं होतं.

आता मी खोटी आणि वेडी, दोन्ही आहे.

मला बाकी काही नको. मला माझा ओटा हवा. वासाचं काही तरी यंत्र मिळतं म्हणे, गॅस सुटला की ओरडतं, ते लावीन. डोळे आहेत, कान आहेत. मैत्रिणी येवोत न येवोत. तू राहा वरच्या खोलीत, तुला मी बाहेर काढणार नाही. बोलेन की नाही ते सांगता येत नाही.

ताई तुला विचारणार आहे. मी तिला म्हटलं, भुंग्याला विचार. एकदा, फक्त या एकदा, जे जिभेवर आहे ते सांग.

आत्या


१९ एप्रिल

भुंग्या,

आई म्हणते, तिला चवच लागत नाही, वास येत नाही, आणि हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. आम्ही घरी करून बघितलं तर तिने खारट बरोबर ओळखलं. हे म्हणतात, असल्या आजारात माणूस असंच काहीतरी रचून सांगतं आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवतं. पण ती डोळ्यात पाणी न आणता सांगत होती, आणि आई खोटं सांगताना डोळ्यात पाणी आणते. त्यामुळे मी दोन दिवस झोपले नाही.

मोठ्या डॉक्टरकडे नेतोय. त्यांनी सांगितलंय, तिच्याबरोबर राहत होतं त्या माणसाने काय पाहिलं ते विचारून या, त्यावर पुढचं ठरेल. तो माणूस तू.

तिचं म्हणणं खरं असेल तर तिला इथे कोंडून ठेवायचा मला अधिकार नाही. तिला घरी पोचवीन. मग अर्थात घर तिला लागेल, आणि तिचं हे माहीत असून तू तसं केलंस म्हटल्यावर तुला तिथे मी राहू देणार नाही, ती काहीही म्हणो. खोटं असेल तर तिच्यासाठी एक जागा बघितलीय, तिथे अशी माणसं ठेवतात, देखभाल चांगली आहे.

मला गंमत नको, लांबण नको. हो की नाही.

ताई


२८ एप्रिल

ताई,

नाही.

तिला चव लागते. तुम्ही स्वतः वाट्या ठेवून बघितलंत, त्यावर मी वेगळं काय सांगणार. वासाचं म्हणशील तर मी वर बूट काढले की खालून ओरडायची, पाय धू म्हणून.

तुला काळजी वाटेल म्हणून आधी लिहिलं नव्हतं, पण विचारलंसच तर लिहितो, डॉक्टरांना दाखव. ती मला कधीकधी बाबांच्या नावाने हाक मारायची. एकदा बाजारातून भाजी आणली आणि कपड्यांच्या कपाटात ठेवली. वर्गात एकच गोष्ट परत परत सांगायची, बायका मान खाली घालून ऐकायच्या. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, लायब्ररीवालीला पण विचार. शब्द दिलाय म्हणून मी लिहिलं होतं ते हेच, तिचं विसरणं कोणाला सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. आता तुला सांगितलं.

तिचं मलाही पत्र आलं. अक्षर अजून चांगलं आहे. त्यात कसलं कसलं लिहिलंय, मी मीठ टाकायला लावलं वगैरे. वाचून वाईट वाटलं. तुला पाठवत नाही, तुला त्रास होईल. फाडून टाकलं.

ती जागा चांगली असेल तर उशीर करू नकोस. तिथल्या लोकांना सांगून ठेव, ती स्वयंपाकघरात जायचा हट्ट करेल, तर जाऊ देऊ नका, काहीतरी दुसरं काम हातात द्या. आणि ती भुंग्या भुंग्या करून माझ्याबद्दल काही सांगायला लागली तर वाद घालू नका, नुसतं हो म्हणा. मी मनावर घेत नाही.

भुंग्या